न पाहिलेले सहा किलोमीटर

सुनंदाताई पोतनीस आमच्या क्लबात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला.

त्र्याण्णव सालची गोष्ट. आमचा मोटर क्लब म्हणजे मालव्यातल्या आमच्या शहरात, फ्रीगंज भागातल्या एका दुकानावरची खोली, वीस-बावीस खुर्च्या, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि दर रविवारी जमणारी हौशी मंडळी. कोणी बँकेत, कोणी कॉलेजात, कोणी दवाखानेवाला. मी, जयंत आठले, देवास गेटजवळ स्कूटरच्या पार्ट्सचं दुकान चालवायचो आणि क्लबचा सेक्रेटरी होतो. बाजारात तेव्हा नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. ज्याच्या दारात काल सायकल होती त्याच्या दारात आज मारुती उभी, आणि ती घेऊन जायचं कुठे हा प्रश्नच. म्हणून वर्षातून एकदा आम्ही रॅली काढायचो.

रॅली म्हणजे शर्यत नव्हे. किती अंतर किती वेळात कापायचं ते ठरवून दिलेलं असतं. उशिरा पोचलात तर गुण जातात, लवकर पोचलात तरी जातात. स्पर्धकांना हे समजावून सांगितलं की ते माना डोलवायचे. पण वाट चुकून चार मिनिटं वाया गेली की ती भरून काढायला हेच सभ्य लोक कशी गाडी हाणतात, ते मी खूप पाहिलं आहे.

त्या वर्षी उन्हेल रस्त्यावरच्या एका वळणावर मोटरसायकलवाला एक तरुण स्पर्धक गाय चुकवताना पडला. त्या वळणावर लाल झेंडा घेऊन आमचा माणूस असायला हवा होता. नव्हता. सुनंदाताई तेव्हा एका इस्पितळाच्या अपघात विभागात मुख्य सिस्टर होत्या. त्या तरुणाला टेबलावर त्यांनीच घेतलं. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून कायमचा अधू झाला.

पुढच्या रविवारी ताई आमच्या खोलीत आल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या, ठेंगण्या, मनगटावर मोठ्या काट्याचं पुरुषी घड्याळ. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"त्या वळणावर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, बहुतेक सुहास होता. सुहास म्हणाला, मला वाटलं विनायक आहे. विनायकला वाटलं होतं की ते वळण आता यादीतून काढलंय.

"आमच्या वॉर्डात तापाची साधी गोळी दिली तरी ज्यानं दिली त्याची सही असते, वेळ असते," ताई म्हणाल्या. "तुम्ही माणसांना रस्त्यावर सोडता आणि तिथे कोण उभं होतं हेही तुम्हाला ठाऊक नाही? कमाल आहे."

क्लबचे अध्यक्ष भय्यासाहेब मजुमदार वकील होते. अडुसष्ट वर्षांचे, जुन्या जीपचे शौकीन, आवाज भारदस्त. ते जरा चिडूनच म्हणाले, "बाई, बोलणं सोपं असतं. पुढच्या वर्षी तुम्हीच या की सांभाळायला."

"येते," ताई म्हणाल्या.

आणि आल्या. गाडी त्यांना चालवता येत नव्हती, पण चारच महिन्यांत त्यांनी आमचे नियम उभे-आडवे तपासून पुन्हा लिहिले. पट्टा आणि हेल्मेट सक्तीचं. प्रत्येक मोक्याच्या जागी उभ्या असलेल्या माणसाचं नाव कागदावर, खाली त्याची सही. अॅम्ब्युलन्स जागेवर आल्याशिवाय टप्पा उघडायचा नाही. आणि स्पर्धक सुटण्याआधी तासाभरात सुरक्षा अधिकाऱ्यानं तो टप्पा स्वतः गाडीतून पाहायचा, मग तपासणीच्या कागदावर सही करायची. या सगळ्यांच्या शेवटी अकरावा नियम होता, त्यांच्या टोकदार अक्षरात: 'ज्या अधिकाऱ्याने न पाहिलेल्या रस्त्याबद्दल पाहिला म्हणून सांगितले किंवा सही केली, त्याला एक वर्ष क्लबमध्ये कोणतेही पद नाही.'

तो नियम वाचून आम्ही हसलो होतो. कोणीतरी म्हणालं, "ताई, हे तर नोकरीपेक्षा कडक झालं." पण हात वर केले सगळ्यांनी. स्पर्धकाला दंड लावणाऱ्याला स्वतःला दंड लागेल, असं आमच्यापैकी एकालाही खरोखर वाटत नव्हतं.

चौऱ्याण्णवची रॅली सुखरूप पार पडली. मग आली पंच्याण्णवची, दिवाळीच्या आदल्या रविवारची.

त्या वर्षी थाट मोठा होता. टावर चौकात मंडप, कापडी कमान, थंड पेयांच्या एका कंपनीचे फलक, बाहेरून आलेले मुख्य पाहुणे. बावन्न गाड्या. हॅम रेडिओची हौस असलेल्या चौघांनी आपले सेट आणले होते, म्हणजे रस्त्यावरच्या नाक्यांवरून एकमेकांशी बोलता येणार होतं. मार्ग आगर रोडनं घट्टिया, तिथून आत वळून पानबिहार, मग उन्हेल आणि परत. घट्टिया ते पानबिहार हा अठरा किलोमीटरचा टप्पा सर्वांत वाकडातिकडा. पानबिहारच्या नाक्यावर मी होतो.

सकाळी साडेसातला मी त्याच रस्त्यानं, उलट्या बाजूनं, स्कूटरवर चक्कर मारून आलो होतो. शेतांवर दव होतं, रस्ता अगदी मोकळा.

घोळ घट्टियाला झाला. अॅम्ब्युलन्सचं चाक वाटेत पंक्चर झालं आणि ती पन्नास मिनिटं उशिरा आली. तोवर ताईंनी टप्पा उघडू दिला नाही. टावर चौकातून भय्यासाहेबांचे निरोपावर निरोप: पाहुणे खोळंबलेत, गाड्या घट्टियाला रांगेत उभ्या आहेत, काय चाललंय? ताईंचं उत्तर एकच, "गाडी आली की सोडते."

ती आली तेव्हा ताई पाहणीला निघाल्या. नवव्या किलोमीटरला एक रपटा होता, म्हणजे नाल्यावरचा कठडे नसलेला बुटका पूल. त्या तिथून गेल्या तेव्हा तो रिकामा होता. बाराव्या किलोमीटरला पोचतात तोच मागून रेडिओवर बातमी आली, की गाड्या पाहायला जवळच्या गावची शे-दीडशे माणसं त्या रपट्यावर येऊन बसली आहेत, पोरंबाळं धरून, आणि आमच्या एकट्या माणसाचं कोणी ऐकत नाही. सव्वादहा झाले होते. पहिली गाडी सुटायची वेळ टळून गेली होती. ताईंनी रेडिओवर मला बोलावलं.

"जयंत, बाराच्या पुढचे सहा किलोमीटर राहिलेत. मला मागे रपट्यावर जायला हवं. तुझ्या बाजूनं रस्ता कसा आहे?"

"एकदम साफ आहे ताई," मी म्हणालो. "मी आत्ताच तिकडून आलो."

आत्ताच. खोटं बोलायचं असं ठरवून मी तो शब्द बोललो नाही. पाहुणे खोळंबलेले, भय्यासाहेब तापलेले, आणि रस्ता तर मी खरंच पाहिला होता. पावणेतीन तासांपूर्वी.

ताईंनी सही केली आणि त्या रपट्याकडे फिरल्या. तिथली माणसं त्यांनी पाच मिनिटांत हटवली आणि रेडिओवरून घट्टियाला गाड्या सोडायला सांगितल्या.

मालव्यात त्या दिवसांत सोयाबीन निघतं. कापलेलं पीक लोक डांबरी रस्त्यावर पसरतात. ऊन खालून-वरून लागतं, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांखाली शेंगा फुटतात, मळणी आयतीच होते. पण दव वाळल्याशिवाय कोणी पीक पसरत नाही. साडेसातला कोण पसरेल? नऊ वाजता पिपल्या गावाच्या पुढे, वळण संपतं तिथे, रामकुंवरबाई नावाच्या म्हातारीनं आणि तिच्या सुनांनी शंभर फूट रस्ता सोयाबीननं झाकून टाकला होता.

पहिल्या दोन गाड्या हॉर्न वाजवत, बेतानं, कडेकडेनं निघून गेल्या. तिसरी केदार नगरकरची. शेजारी नकाशा आणि घड्याळ सांभाळत त्याची बायको मानसी. आमच्या फ्रीगंजचंच जोडपं. फाट्यावर वाट चुकून त्यांची चार मिनिटं गेली होती, ती भरून काढायला केदारनं गाडी दामटली होती. वळणावरून बाहेर पडताच समोर पीक, आणि पिकात काठ्या घेऊन उभ्या चार बायका. त्यानं गाडी दुसऱ्या बाजूला खेचली. कोरडं सोयाबीन म्हणजे पायाखाली गोट्या. गाडी गर्रकन फिरली, खड्ड्यात उतरली आणि बाभळीला टेकून कुशीवर पडली.

मी रेडिओवर ऐकलं आणि स्कूटर काढली. पोचलो तेव्हा अॅम्ब्युलन्स आधीच आली होती. आठ मिनिटांत आली, कारण ती टप्प्यावर होती, कारण ताईंनी तिच्यासाठी सगळ्या जगाला पन्नास मिनिटं थांबवलं होतं. केदारला खरचटलं होतं. मानसीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सकाळी ताईंनी गाडीगणिक वाकून पट्टे ओढून पाहिले होते. तो पट्टा नसता तर मानसी काचेतून बाहेर गेली असती. रामकुंवरबाई पळताना पडली होती आणि मनगट धरून कडेला बसली होती. ताई खाली वाकून त्या मनगटावर पट्टी बांधत होत्या.

रॅली तिथेच थांबवली. थोड्या वेळानं ठाणेदार आले, पाठोपाठ भय्यासाहेब. ठाणेदारांनी रस्ता पाहिला आणि डायरी उघडली.

"सड़क पर फसल फैलाना जुर्म है, माताजी. नाम क्या है? लड़का कहाँ है आपका?"

म्हातारीचा चेहरा उतरला. भय्यासाहेबांनी मात्र सुस्कारा टाकला, मला स्पष्ट दिसला. माझ्या छातीवरचंही ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू.

ताई उठून उभ्या राहिल्या. "एक मिनट, साहब." मग म्हातारीकडे वळून, "बाई, आज गाड़ियाँ आएँगी, ये आपको किसी ने बताया था?"

"म्हके तो कोई ने कई नी क्यो, बेन," म्हातारी रडवेल्या आवाजात म्हणाली. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. आम्ही गुरुवारी पिपल्याच्या चौकात दवंडी दिली होती. हिचं घर गावाबाहेर, शेतात.

ताई ठाणेदारांना म्हणाल्या, "इस सड़क को सुबह देखना, इनको बताना, ये मेरा काम था. मैंने नहीं देखी और लिख दिया कि देखी है. किसी का नाम लिखना है तो मेरा लिखिए. सुनंदा पोतनीस."

ठाणेदार गोंधळले. "मैडम, आप तो गाड़ी चला ही नहीं रही थीं."

"गाड़ी मैंने छोड़ी थी."

त्यांनी बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं. शेवटी म्हातारीचं नाव खोडलं आणि म्हणाले, क्लबानं आठ दिवसांत लेखी अहवाल द्यावा, मग पाहू.

अॅम्ब्युलन्समध्ये मानसीसोबत चढण्याआधी ताई माझ्याकडे आल्या. आवाज अगदी हळू.

"जयंत, तू इकडून किती वाजता आला होतास?"

"साडेसात," मी म्हणालो.

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

मंगळवारी भय्यासाहेब माझ्या दुकानी आले. अहवालाचा मसुदा त्यांनी स्वतः लिहून आणला होता, वकिली मराठीत, फार सफाईदार. चालकाने ठरवून दिलेली गती ओलांडली. ग्रामस्थांनी रस्त्यावर बेकायदा अडथळा निर्माण केला. आयोजकांनी सर्व आवश्यक काळजी घेतली होती. थंड पेयांच्या कंपनीच्या माणसाचा दोनदा फोन येऊन गेला होता, पुढच्या वर्षी आमच्याबरोबर राहायचं की नाही ते या अहवालावर ठरणार होतं.

"खोटं काय आहे यात?" भय्यासाहेब म्हणाले. "दोन गाड्या नीट गेल्याच ना? सुनंदाबाई फार हळव्या झाल्यात. तुम्ही सेक्रेटरी, टाइप करून आणा, रविवारी मंजूर करून घेऊ."

मी टावर चौकात जाऊन टाइप करून आणला. घरी येऊन मीनाला, माझ्या बायकोला, वाचून दाखवला. रॅलीच्या दिवशी संध्याकाळीच मी तिला सगळं सांगून बसलो होतो.

ती पोळ्या लाटत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "चांगला लिहिलाय. तुम्ही 'आत्ताच' म्हणालात ते कुठे आहे यात?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला. ती पुन्हा त्यावर बोलली नाही. माझं मात्र चार दिवस दुकानात गिऱ्हाईकानं क्लचवायर मागितली तर ब्रेकवायर देणं सुरू होतं.

रविवारी खोली भरून माणसं जिन्यात उभी होती. केदार आला होता, मानसीही, हात गळ्यात बांधलेला. भय्यासाहेबांनी मसुदा वाचला. वाचून होताच केदार उठला. "मी जोरात होतो. ते खरं आहे. मला मान्य आहे."

"मग झालंच," भय्यासाहेब म्हणाले.

"नाही झालं," ताई म्हणाल्या. त्यांच्याकडे वहीचं एक पान होतं. त्यांनी चष्मा लावला आणि वॉर्डात नाइटची सिस्टर सकाळच्या सिस्टरला सांगते त्या आवाजात वाचू लागल्या.

"घट्टिया ते पानबिहार, एकूण अठरा किलोमीटर. पैकी बारा मी पाहिले. सहा पाहिले नाहीत. सव्वादहा वाजता मी पूर्ण टप्प्याच्या कागदावर सही केली. तेराव्या ते अठराव्या किलोमीटरमध्ये रस्त्यावर पीक होतं. मी गेले असते तर मला दिसलं असतं. दिसलं असतं तर मी टप्पा उघडला नसता. केदार नगरकर जोरात होते. त्यांचा दंड त्यांना लागेल. पण माणसं वेळ भरून काढायला जोरात जातात हे आपल्याला माहीत असतं, म्हणूनच आपण रस्ता आधी पाहतो. रामकुंवरबाईंचा दोष नाही, त्यांना आपण कळवलं नव्हतं. जबाबदारी सुरक्षा अधिकाऱ्याची. सुनंदा पोतनीस."

ताईंनी पान टेबलावर ठेवलं.

विनायकनं विचारलं, "पण ताई, न पाहता तुम्ही सही कशी केलीत? तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल ना, रस्ता साफ आहे म्हणून?"

"विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं."

"कोणाचं?"

"ते माझ्या अहवालात नाही," ताई म्हणाल्या. "उत्तर कोणाचंही असो, सही माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चुकूनसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी मान फिरवली असती. मला एकाएकी कळलं की ही बाई माझं नाव कधीच घेणार नाही, मी बसून राहिलो तर जन्मभर नाही, आणि उद्या दुकानात भेटली तर "कसा आहेस जयंत" म्हणून विचारेल.

मी उठलो. "मी सांगितलं," म्हणालो. "मी 'आत्ताच आलो' म्हणालो. मी साडेसातला आलो होतो. त्या वेळी कोण सोयाबीन पसरतं? मालव्यात जन्मलो, मला कळायला हवं होतं. घाई होती म्हणून बोललो. माझंही नाव लिहा."

भय्यासाहेब घसा साफ करून म्हणाले, "अकरावा नियम आहे, हे खरं. पण सुनंदाबाई, तुम्ही रपट्यावरची दीडशे माणसं हटवायला गेला होतात. परिस्थिती पाहून अपवाद..."

"भय्यासाहेब, स्पर्धक एक मिनिट उशिरा आला तर परिस्थिती पाहतो का आपण?"

मागून मानसी म्हणाली, "मला बोलायचंय." ती सावकाश उठली, दुखत होतं तिला. "आई-बाबा आणि सासरची मंडळी, सगळे म्हणतात की पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही. आणि इथे तो पहिला कागद मंजूर झाला असता तर मी टाकलंही नसतं. ताईंचा कागद मंजूर करणार असाल तर पुढच्या वर्षी मी येते. गाडीत नाही. ताई एक वर्ष घरी बसतील, तर त्यांचं काम मी करते. मला शिकवा म्हणावं त्यांना."

खोलीत आधी कोणीतरी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

भय्यासाहेबांनी टाइप केलेला मसुदा दुमडून कोटाच्या खिशात घातला. क्लबचं रजिस्टर पुढे ओढलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: सुनंदा पोतनीस, एक वर्ष पद नाही. जयंत आठले, एक वर्ष पद नाही. लिहून झाल्यावर ते थांबले. मग आणखी एक ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली, "मुख्य पाहुणे खोळंबले म्हणून सुरक्षा अधिकाऱ्यास चार वेळा घाईचे निरोप पाठवले, याबद्दल अध्यक्ष मजुमदार यांना लेखी ताकीद." वर पाहून म्हणाले, "आता ती ताकीद मला देणार कोण? सेक्रेटरी तर पदावर नाही."

"मी देते," ताई म्हणाल्या, आणि त्या सभेत पहिल्यांदाच सगळे हसले.

जिना उतरताना ताईंनी मला गाठलं. शाबासकी देतील असं मनात कुठेतरी होतं. त्या म्हणाल्या, "उद्या केदारकडे जाऊन ये. आणि गुरुवारी पिपल्याला जाऊ, म्हातारीची पट्टी सोडायची आहे." गुरुवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. रामकुंवरबाईनं पट्टी सोडून घेतली, चहा पाजला आणि निघताना विचारलं की पुढच्या वर्षी गाड्या कधी येणार, म्हणजे पीक त्या दिवशी आवारात पसरेन. ठाण्यात आमचा अहवाल गेला. त्यांनी समज देऊन फाइल बंद केली.

थंड पेयांची कंपनी गेली. अहवाल भोपाळच्या एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून आला, तोही कोणी दिला कुणास ठाऊक. आम्हाला वाटलं, आता आपल्या रॅलीला कुत्रंही यायचं नाही. झालं उलटंच. शहाण्णवला एकाहत्तर नावं आली. इंदूरची, देवासची, रतलामची, त्यांत अकरा बायका. रतलामच्या एका गृहस्थांनी अर्जासोबत चिठ्ठी जोडली होती: आपल्याकडे चूक झाली की अधिकारी स्वतः घरी बसतात असं ऐकलं, म्हणून मुलीला पाठवतो आहे.

त्या सकाळी टावर चौकात ताई आणि मी गर्दीत उभे होतो, बिल्ल्याविना, इतर बघ्यांसारखे. वर्षभर दर शनिवारी मानसी ताईंच्या घरी येऊन बसली होती. रस्ते, गावं, पिकं, शाळा सुटायच्या वेळा, जत्रा, सगळं वहीत उतरवून घेतलं होतं तिनं. अधिकारी नसल्यामुळे आम्हाला त्या दिवशी एका शब्दानंही मध्ये पडायची मुभा नव्हती, आणि ताईंनी ते तंतोतंत पाळलं.

आठ वाजता झेंडा पडायचा होता. साडेआठ झाले. पावणेनऊ. मंडपातले पाहुणे घड्याळ पाहू लागले. लाउडस्पीकरवर सुहासनं सांगितलं की उन्हेलकडच्या चार किलोमीटरमध्ये बैलगाड्यांची रांग लागली आहे, सुरक्षा अधिकारी मानसी नगरकर स्वतः ते चार किलोमीटर पाहत आहेत आणि त्या सही करेपर्यंत एकही गाडी सुटणार नाही. भय्यासाहेब पाहुण्यांच्या शेजारी हाताची घडी घालून बसले होते. पाहुण्यांनी त्यांच्या कानाशी काहीतरी म्हटलं. भय्यासाहेबांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि त्यांच्यासाठी आणखी एक चहा मागवला.

मी ताईंकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले.

आमच्या पुढे उभा असलेला एक माणूस वैतागून मागे वळला आणि ताईंनाच म्हणाला, "ये कौन मैडम हैं भाई, जिन्होंने पूरे शहर को रोक रखा है?"

ताई ताठ उभ्या राहिल्या. त्या ठेंगण्या बाईला इतकं उंच झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हमारे क्लब की हैं," त्या म्हणाल्या.